नीरा डावा कालवा नसता, तर बारामती काय असती?

कऱ्हाकाठ

मंडळी, पुण्यात राहणाऱ्या प्रत्येक बारामतीकराला एक वाक्य ऐकावं लागतं: "तुमचं काय बाबा, तुमच्याकडे पाणीच पाणी." पुढच्या दोन वाक्यांत चर्चा राजकारणावर जाते. मला त्याच्या आधीच्या काळाबद्दल बोलायचंय.

माझं म्हणणं असं. बारामती तालुका मुळात अवर्षणग्रस्त. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईस्तोवर संपलेला असतो. कऱ्हा पावसाळ्यात चार दिवस जोर दाखवते आणि दिवाळीनंतर नुसती वाळू. अशा मुलखात १८८५ साली नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं आणि ज्वारी-बाजरीच्या गावाचं गुळाचं गाव झालं. गुळामुळे पेठ वाढली, पेठेमुळे रेल्वे आली, पुढे साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था. श्रेय ज्याला द्यायचं त्याला द्या, पण यादीत पहिलं नाव कालव्याचं.

आता प्रश्न. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे कागद आहेत, काही मोडीत, काही बाळबोधीत. त्यात 'ब्लॉक मंजूर', 'ब्लॉकाचे पाणी' असं सारखं येतं. ही ब्लॉकची भानगड काय होती? दुसरं म्हणजे, आजोबा सांगायचे की सुरुवातीला लोक कालव्याचं पाणी घ्यायलाच तयार नव्हते. दुष्काळी भागातले लोक पाण्याला नाही म्हणतील हे पटत नाही. कुणाला माहिती आहे का?

राजकारण नको, ही नम्र विनंती.

पिंपळपार

कालवा सोडा. साहेब नसते तर बारामती काय असती, ते विचारा.

कऱ्हाकाठ

आलं! पहिल्याच प्रतिसादात. पिंपळपार, तुम्हाला रांगेत पहिला नंबर कसा काय मिळतो हो?

पिंपळपार

आम्ही हेडचे, कालव्याच्या तोंडाशी. पाणी असो की प्रतिसाद, आधी आमच्याकडे.

जुना ओव्हरसियर

पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, बराच काळ नीरा खोऱ्यात होतो. जमेल तेवढं सांगतो.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात पुणे-सोलापूरच्या पूर्व भागाची वाताहत झाली. माणसं आणि जनावरं दोन्ही गेली. सरकारला दुष्काळी कामं काढावी लागली आणि त्या धक्क्यातून नीरा कालव्याला गती मिळाली. म्हणजे हेतू होता दुष्काळ निवारणाचा. वीरजवळ नीरेवर बंधारा घालून तिथून डावा कालवा काढला. तो पुरंदरचा थोडा भाग घेऊन बारामतीतून इंदापुरात जातो. वर साठ्यासाठी भोर संस्थानात येळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधलं, ते १८९२ च्या सुमारास पुरं झालं. व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरवरून जलाशयाला लेक व्हायटिंग म्हणत. पुढे मोठं धरण झालं ते १९२८ साली, लॉइड डॅम. त्या वाढीव पाण्यावर उजवा कालवा चालला, फलटण-माळशिरसकडे.

आता तुमच्या आजोबांची गोष्ट. ती खरी आहे, आणि न पटण्यासारखं त्यात काही नाही. कोरडवाहू शेतकरी ज्वारी-बाजरी घेणारा. पाऊस बरा झाला तर त्याला कालव्याचं पाणी लागत नाही, मग पाणीपट्टी कशाला भरायची? पाऊस दगा देतो त्या वर्षी सगळे एकदम पाणी मागणार. सरकारची अडचण अशी की कालवा बारमाही चालवायचा खर्च या एक वर्षाआडच्या गिऱ्हाइकावर निघत नाही. बारमाही पैसे देणारं पीक एकच, ऊस. म्हणून दुष्काळासाठी काढलेला कालवा उसाचा झाला. यात कुणाचं कारस्थान नव्हतं, हिशेबच तसा बसला.

ब्लॉकविषयी रात्री लिहितो. नातवाला क्लासवरून आणायचंय.

सासवडची मनीषा

ओव्हरसियर काका, छान लिहिलंत. पण ऊस आपोआप नाही आला हो! तो लावणारी माणसं आली. आम्ही सासवडचे माळी. सासवडला विहिरीवर, मोटेच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला करणारी आमची माणसं. नीरेला कालवा झाल्यावर ती बारामतीकडे गेली, जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. तेव्हाचा ऊस म्हणजे पुंड्या, जाड आणि गोड, पण त्याला खत-पाणी भरपूर लागायचं आणि जपावंही लागायचं. पेंड किती घालायची, पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यायची हे स्थानिक मंडळी आमच्या लोकांचं बघून शिकली. मग शहाणी झाल्यावर त्यांनी जमिनी परत मागितल्या. 🙂

नंतर आमची माणसं नगरकडे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवर गेली, आणि उजवा कालवा झाल्यावर माळशिरसला. अकलूजजवळ माळीनगर आहे ना, तिथला कारखाना १९३२ साली ऊस उत्पादकांनीच भागभांडवल गोळा करून उभा केला. सहकारी कारखान्यांच्या आधीची गोष्ट आहे ही. सहकाराचा इतिहास सांगताना सगळे थेट प्रवरानगरला उडी मारतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

माझी आजी गुऱ्हाळाचं सांगायची. काहिलीत रस उकळायला लागला की त्यात भेंडीच्या झाडांचं चिकट पाणी घालायचे, मग मळी वर यायची आणि ती झाऱ्याने काढत राहायची. चुलवणात पाचट घालणारा माणूस सारखा घालतच असायचा, जाळ कमीजास्त झाला तर गुळव्या शिव्या घालायचा. पाक झाला का ते बघायला गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळायचा. गोळी भांड्यावर आपटल्यावर टणक आवाज आला की "उतरवा!" आणि चार जण धावत काहील वाफ्यात पालथी करायचे. अख्ख्या हंगामाचे पैसे त्या एका गोळीवर अवलंबून. गुळव्याचा मान पाटलापेक्षा मोठा होता म्हणे, निदान हंगामात तरी.

मोरगावकर

मूळ मुद्द्याला माझा विरोध. कालव्याआधी बारामती म्हणजे ओसाड माळ होता असं चित्र रंगवू नका. मोरोपंत १८ व्या शतकात इथेच राहिले, आर्या इथेच रचल्या. त्यांचा आश्रयदाता बाबूजी नाईक मोठा सावकार होता, पेशव्यांशी सोयरीक असलेला. सावकारी पेढी, कवी आणि पुराणिक पोसणारं गाव कोरडं असलं तरी दरिद्री नव्हतं. पेठ आधीपासून होती, कालव्याने तिच्यात गूळ ओतला इतकंच.

कऱ्हाकाठ

मोरगावकर, एक नाईकांचा वाडा श्रीमंत असला म्हणजे गाव श्रीमंत होत नाही. सावकार कोरडवाहू गावातच जास्त भरभराटतो, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

मोरगावकर

आणि कालव्यानंतर सावकार गेले का? ऊस लावायला पेंड लागते, पेंडीला पैसा लागतो. गूळ पेठेत येण्याआधीच अडत्याकडे लिहिलेला असायचा. सहकारी पतपुरवठा उभा राहीपर्यंत बागायतदार कर्जातच होता. फक्त कर्जाचा आकडा मोठा झाला.

कऱ्हाकाठ

हे मात्र सणसणीत.

गाडीवेडा

रेल्वेचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. दौंड-बारामती लाईन १९१४ ची, नॅरो गेज, अडीच फुटी. गुळाच्या ढेपी दौंडला आणायच्या आणि तिथे मोठ्या गाडीत चढवायच्या. आमच्या घरी सांगायचे की चढावर गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून शेतातला ऊस मोडून घेऊन परत चढायची. नंतर लाईन ब्रॉड गेज झाली आणि ती मजा संपली.

पिंपळपार

गाडीवेडा, हा उतरून ऊस मोडण्याचा किस्सा महाराष्ट्रातल्या प्रत्येक नॅरो गेजबद्दल सांगतात. बार्शीवाले तर म्हणतात रस काढून, पिऊन परत चढायचे.

जिराईत

सगळं वाचलं. आता दुसरी बाजू ऐका. मी सुप्याकडचा. बारामती तालुकाच आहे तो, नकाशात बघा. कालवा आमच्या गावापासून बघायला जावं लागतं इतका लांब. पाणी उताराने वाहतं आणि आम्ही चढावर, विषय संपला.

'बारामती कालव्याने घडवली' असं म्हणता तेव्हा अर्धीच बारामती बोलता. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला बाजरी. काही ठिकाणी तर एकाच गावातून कालवा गेलाय, म्हणजे एका भावाची जमीन बागायत आणि दुसऱ्याची जिराईत. पोरीचं स्थळ बघताना पहिला प्रश्न, "कॅनॉलच्या खाली का वर?" पोरगा काय शिकलाय ते नंतर.

७२ च्या दुष्काळात आमच्याकडे मिलोच्या (लाल ज्वारीच्या) भाकरी आणि सुकडी खाऊन लोक खडी फोडत होते. पाझर तलाव झाले ते त्याच काळात, धान्याच्या बदल्यात काम करून. आज आमच्या विहिरींना जे काही पाणी आहे ते त्या तलावांमुळे. व्हायटिंगचा आणि आमचा काही संबंध नाही.

आता जनाई-शिरसाई योजनेचं पाणी येतं, येतं म्हणजे कधी कधी येतं. ते पाणी कुठलं माहितीय का? खडकवासल्याच्या कालव्याचं, वरवंडच्या तलावातून उचललेलं. म्हणजे बारामती तालुका आणि पाणी पुण्याच्या धरणांचं. आणि ऑफिसात तुम्हाला ऐकवतात, "तुमच्याकडे पाणीच पाणी."

सासवडची मनीषा

जिराईत दादा, आमच्या पुरंदरला तर त्याहून भारी. पुरंदर उपसा योजनेत मुळा-मुठेचं पाणी येतं, म्हणजे पुणेकरांनी आंघोळ करून सोडलेलं. डाळिंबाला चालतं म्हणे. 😄

कॅनॉल रोड

पुण्यातून हजेरी. आम्ही कॅनॉल रोडला राहतो आणि इथे जन्मलेल्या अर्ध्या पोरांना रस्त्याला हे नाव का ते माहीत नाही. खडकवासल्याचा डावा कालवा इथून खडकीकडे जायचा. तो बुजला, नाव तेवढं उरलं. आता तिथे पार्किंगची भांडणं वाहतात.

हडपसरची

कॅनॉल रोड, तुमचा डावा बुजला, आमचा उजवा अजून वाहतोय. फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून न्यायचं घाटतंय, मग तोही रस्ता होईल आणि तुमच्या पंगतीला बसेल.

या धाग्यात सगळे नीरेबद्दल बोलताहेत, पण याची पहिली आवृत्ती हडपसर आहे. खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास झालं, कर्नल फाइफचं, म्हणून लेक फाइफ. उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेटवरून हडपसर, लोणी, पुढे पाटसकडे. पुणे कॅन्टोन्मेंटला भाजी पुरवणारं गाव म्हणून हडपसर वाढलं. मांजरीला सरकारचं उसाचं प्रायोगिक फार्म होतं. आमच्या लहानपणी कालव्यात पोहायला जायचो, मोठ्यांच्या नकळत अर्थातच. फ्लॉवरचे वाफे थेट सोलापूर रस्त्याला टेकलेले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा शहरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि हडपसर-लोणीच्या बागायतीचा कालवाच कोरडा पडला, हे फारसं कुणी सांगत नाही. आमच्या आजोबांनी उभा ऊस वाळताना बघितला.

आणि आता? मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून स्वतःच शहर वसवलं, ते शहाणे. बाकीच्यांनी गुंठ्या-गुंठ्याने विकल्या. कालव्याने जमिनीला किंमत दिली आणि शहराने त्याहून जास्त दिली. बारामतीवाल्यांनो, तुमचं शहर वाढतंय ना? मग बघा तुमच्या कॅनॉलचं काय होतं ते.

टेलवाला

इंदापूर. नीरा डावा, अगदी शेवट, म्हणजे टेल. हेडच्या लोकांचा इतिहास वाचून डोळे भरून आले. 😂

आमच्याकडं इतिहास असा: पाणी सुटलं असं पेपरात येतं. मग आठ-दहा दिवस पाटकऱ्याला (पाणी सोडणाऱ्याला) फोन. मग चारीला (पोटपाटाला) येतं, ते रात्रीच येतं. नंबर लागला की दोघं जण लागतात, एक जण वावरात दारं धरायला आणि एक जण चारीवर बॅटरी घेऊन फिरायला. कारण वर कुणी तरी फळी टाकून पाणी वळवलेलं असतंयच. खोरं खांद्यावर, पाय गारठलेलं, सरी भरत आली की दारं मोडून पुढच्या सरीला. मध्येच पाणी बारीक झालं की समजायचं, वर फळी पडली. मग गाडीला किक मारून तिकडं. तिथं जाऊन बघतो तर आपलाच पाव्हणा.

नियमानं टेलकडनं हेडकडं भिजवत यायचं. कागदावर.

पिंपळपार

टेलवाला भाऊ, फळी आमची नव्हती. आम्ही थेट सायफन टाकतो.

टेलवाला

पिंपळपार, तुमचा सर्व्हे नंबर सांगा फक्त.

जुना ओव्हरसियर

नातू आणला. ब्लॉकविषयी.

टेलवाल्यांचं रडगाणं (राग मानू नका, तीस वर्षं ऐकलंय मी) हे मुळात ब्लॉक पद्धतीचं कारण आहे. कालवा सुरू झाल्यावर हेडकडच्या काही गावांनी वारेमाप पाणी घेऊन ऊस लावला. उसाला पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, असा समज. परिणाम असा की वरची जमीन दलदल व्हायला लागली, डास आणि हिवताप वाढला आणि खाली पाणी पोचेना. तेव्हा मुंबई इलाख्यात पुण्याला नोकरीला असलेले विश्वेश्वरय्या यांनी १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचवली. हो, तेच सर विश्वेश्वरय्या. म्हैसूरला दिवाण व्हायच्या आधी त्यांची बरीच उमेदीची वर्षं आपल्याकडे गेली. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजेही त्यांचेच, १९०३ चे.

कल्पना अशी. पाणी एका ठिकाणी ओतण्याऐवजी अनेक गावांत ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, म्हणजे ब्लॉक. ब्लॉकातल्या साधारण एक तृतीयांश जमिनीतच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि दरवर्षी उसाची जागा फिरवायची. मंजुरी काही वर्षांसाठी एकदम, म्हणजे शेतकऱ्याला पाण्याची खात्री आणि सरकारला पट्टीची. तुमच्या पणजोबांकडे 'ब्लॉक मंजूर' असा कागद असेल तर तो त्या काळी सातबाऱ्याइतका जपला जायचा. ज्याच्याकडे ब्लॉक तो बागायतदार, नसेल तो मजूर किंवा कोरडवाहू. जिराईत म्हणतात ती रेघ कालव्याने मारली खरी, पण कालव्याच्या खालच्या अंगालासुद्धा दुसरी रेघ होती, ब्लॉकवाला आणि बिनब्लॉकवाला.

कऱ्हाकाठ

काका, दंडवत. आता कळलं. आमच्या कागदात चुलत पणजोबांनी अर्ज केलाय आणि शेरा 'नामंजूर'. त्या घराशी आमचं येणंजाणं का कमी होतं ते आज कळतंय बहुधा.

मातीपरीक्षक

कृषी महाविद्यालयात शिकले, म्हणून जमिनीबद्दल थोडं. दलदलीचा विषय काकांनी निघता निघता सोडला, तो मोठा आहे. नीरा खोऱ्यातली काळी जमीन खोल, खाली निचरा नाही. सतत पाणी दिलं की भूजलपातळी वर येते, क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. आधी चिबड (पाणथळ), मग चोपण (खारवलेली). सकाळी बघाल तर वावरावर पांढरा थर असतो. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान यांनी नीरेच्या खारपट जमिनींचा अभ्यास केला होता, म्हणजे तक्रार तेवढी जुनी आहे.

पुढे याच प्रश्नावर पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर इंग्लिस यांनी काम केलं. १९१६ साली पाटबंधाऱ्यांसाठी संशोधनाचा खास विभाग निघाला, त्यातूनच आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. तिथून जाताना कधी वाटतं का की हिच्या मुळाशी बारामतीकडची नासलेली रानं आहेत?

टेलवाले दादा, एका बाबतीत तुम्ही सुखी. पाणी कमी मिळालं म्हणून तुमच्या जमिनी वाचल्या. हेडच्यांना आता पाइप पुरून निचरा करावा लागतोय.

टेलवाला

ताई, वाचलेली जमीन दाखवायला पाव्हण्याला घेऊन येतो कधी तरी. जमीन चांगलीय, तिला पाणी पाजा म्हणतीय.

पिंपळपार

मग कालव्याला अस्तरीकरण करा. गळती थांबेल, टेलला पाणी जाईल.

जिराईत

खबरदार! कालव्याच्या गळतीवर किती विहिरी चालतात माहितीय? सिमेंट ओतलं की त्या विहिरी गेल्या. म्हणून तर लोक मशिनसमोर आडवे झाले. कागदावर गळती म्हणजे नुकसान, पण विहिरीवाल्यासाठी तेच सिंचन.

कॉलनीतला मुलगा

वालचंदनगरात वाढलो. कुणीच नाव घेत नाही म्हणून मीच घेतो. आधीचं कळंब गाव, नीरा डाव्यावर. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने हजारो एकर जमीन खंडाने आणि विकत घेऊन शेती सुरू केली, १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला आणि गाव वसवलं. आखीव रस्ते, शाळा, दवाखाना, क्लब. दुष्काळी माळावर इंग्रजी पद्धतीची कॉलनी. साखरेच्या मशिनरीतून पुढे जड अभियांत्रिकी आली आणि आज इस्रोच्या रॉकेटचे मोटर केसिंग तिथे बनतात. मित्रांना सांगतो तर विश्वास ठेवत नाहीत. उसाच्या कालव्यावर रॉकेट!

पण कॉलनीच्या भिंतीबाहेर दुसरी गोष्ट होती. ज्यांनी जमिनी खंडाने दिल्या ते खंडकरी. कमाल जमीन धारणा कायदा आला, जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांना त्या परत मिळायला २०१२ उजाडलं. तोवर देणारेही गेले, काहींचे मुलगेही गेले. माझ्या वर्गातले निम्मे खंडकऱ्यांचे आणि निम्मे कामगारांचे. कबड्डीच्या टीम तशाच पडायच्या.

भोरची सून

मी उशिरा आले पण एक बोलू का? एवढा लांब धागा, आणि भाटघरला पाणी साठलं तिथे आधी गावं होती हे एकाच्याही तोंडून नाही. माझं सासर येळवंडी खोऱ्यात. पाणी अडलं भोर संस्थानात आणि गेलं इंग्रजांच्या मुलखात. चांगली भाताची खाचरं बुडाली, माणसं डोंगराकडे सरकली. डोळ्यांसमोर एवढं पाणी, तरी उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन चढतात. कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं, मे-जूनमध्ये पाणी उतरलं की दिसतं. तेव्हा लोक दर्शनाला येतात, फोटो काढतात आणि जातात.

तुम्ही विचारलंत, कालवा नसता तर बारामती काय असती. आम्ही कधी कधी विचारतो, बारामती नसती तर आमचं खोरं काय असतं.

मोरगावकर

ताई, याला उत्तर नाही.

पिंपळपार

+१. आज पहिल्यांदा विनोद सुचत नाहीये.

कऱ्हाकाठ

ताई, बरं केलंत लिहिलंत. माझ्या शीर्षकात फक्त खालचं टोक होतं.

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं हललंय, पण सुटलं नाहीये. कालवा पहिला, हे मी धरून ठेवतो. मात्र कालव्याने बारामती 'घडवली' यापेक्षा कालव्याने माणसांची वाटणी केली, वरचे-खालचे, ब्लॉकवाले-बिनब्लॉकवाले, हेड-टेल. त्या वाटणीशी झगडताना जे उभं राहिलं, सोसायट्या, कारखाने, पाझर तलाव, माळीनगर, त्याला आपण बारामती म्हणतो. मोरगावकरांची पेढी मात्र मला अजून मान्य नाही.

ओव्हरसियर काका, चुलत पणजोबांचा अर्ज नामंजूर का झाला हे कुठे शोधता येईल? पुराभिलेखागारात मिळेल का, की सिंचन भवनात?

जुना ओव्हरसियर

सिंचन भवनात इतकं जुनं मिळेल असं वाटत नाही. आधी पुराभिलेखागारात अर्ज करा. गावाचं नाव, वर्ष आणि चारीचं नाव कागदावर असेल तर ते लिहा, नुसतं आडनाव सांगून काही सापडत नाही. मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. आणि नामंजूर शेऱ्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असत: पाणीपट्टी थकलेली, नाहीतर जमीन चिबड होण्याचा धोका. तिसरं कारण असलं तरी ते कागदावर लिहीत नसत.

कऱ्हाकाठ

तिसरं कारण म्हणजे काय, काका?

जुना ओव्हरसियर

पेन्शन सुरू आहे अजून माझी.

भोरची सून

मेमध्ये पाणी उतरलं की सगळे या भाटघरला. देऊळ बघा, आमच्याकडे जेवा. रविवार ठरवा कुठलाही.

हडपसरची

मी नक्की! गाडीत चार जागा आहेत.

टेलवाला

यायचंय, पण मेमधल्या पाळीवर आहे सगळं. पाटकरी म्हणतोय शुक्रवारी पाणी येईल. म्हणजे आमच्या चारीला रविवारीच येणार. तुम्ही जाऊन या, आणि वर गेलाच आहात तर जरा दरवाजा उघडून या.